'आम्ही', 'आपण' आणि निर्जन प्रदेश
समूहप्रवासाच्या वर्णनांतील एका सर्वनामाविषयी

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने होत आली आहे. प्रवासी कोण आहे, त्याची दृष्टी रसिक की चिकित्सक, त्याच्यावरचे संस्कार कोणते, त्याची विनोदबुद्धी कोणत्या जातीची, असे प्रश्न विचारून प्रवासवर्णनाचे मूल्य ठरविण्याची आपली रीत आहे. ही रीत एका गृहीतकावर उभी आहे. प्रवास करणारा एक असतो आणि लिहिणाराही तोच असतो, असे आपण मानून चालतो. प्रत्यक्षात एकट्याने केलेला प्रवास हा अपवादच. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या कथनाचे शीर्षक 'माझा प्रवास' असे असले, तरी वरसईहून उत्तरेकडे निघालेले गोडसे भटजी एकटे नव्हते. काका रामभट त्यांच्याबरोबर होते. दिंडी, काशीयात्रा, व्यापाऱ्यांचा तांडा आणि आजची आयोजित सहल हे सारे समूहाचे प्रवास आहेत. तेव्हा प्रवासवर्णनाचे व्याकरणदृष्ट्या स्वाभाविक सर्वनाम 'मी' नव्हे, अनेकवचन आहे. या अनेकवचनाचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार एका विशिष्ट भूप्रदेशाच्या संदर्भात करावयाचा आहे. गोबीचे वाळवंट, त्याच्या दक्षिणेकडील ओर्दोसचा गवताळ पठारी प्रदेश आणि त्याच पठारावर एकविसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले कांगबाशी हे नवे शहर, अशी ही सलग भूमी आहे. या तिन्हींविषयी गेल्या शंभर वर्षांत जे लिहिले गेले, त्यात एक विशेषण पुन्हा पुन्हा येते. वाळवंट निर्जन, गवताळ प्रदेश निर्जन आणि शहरही निर्जन. तीन अगदी भिन्न वस्तूंना एकच विशेषण लागू पडत असेल, तर ते विशेषण त्या वस्तूंविषयी काही सांगते की सांगणाऱ्याविषयी, असा प्रश्न समीक्षकाला पडला पाहिजे.

या प्रश्नाकडे वळण्यासाठी मराठीजवळ एक साधन आहे, जे इंग्रजीजवळ नाही. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो. 'आपण' म्हणताना त्याला सामावून घेतो. हा भेद द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तमिळ आणि तेलुगू भाषांत तो आहे, गुजरातीतही आहे. गंमत अशी की, ज्या प्रदेशाविषयी आपण बोलत आहोत तेथील दोन्ही प्रमुख भाषांतही तो आढळतो. जुन्या मंगोल भाषेत वगळणाऱ्या अर्थी 'बा' आणि सामावणाऱ्या अर्थी 'बिदा' अशी दोन सर्वनामे होती. उत्तर चीनच्या बोलीत 'वोमन' आणि 'झान्मन' यांच्यात असाच फरक केला जातो. म्हणजे वाळवंटातला मंगोल, त्याच्याकडे लोकर घ्यायला आलेला चिनी व्यापारी आणि हे वर्णन वाचणारा मराठी वाचक या तिघांनाही 'तुझ्यासकट' की 'तुला सोडून' हे सांगितल्याशिवाय बोलता येत नाही. ज्याच्या संहिता आपण या प्रदेशाची ओळख म्हणून वाचतो, त्या इंग्रजी निवेदकाला मात्र या दोहोंसाठी एकच शब्द पुरतो.

२

येथे एक आक्षेप आधीच विचारात घेतला पाहिजे. 'आम्ही'मधून वगळला जातो तो श्रोता, म्हणजे प्रवासवर्णनाच्या बाबतीत वाचक. त्या प्रदेशात राहणारा माणूस व्याकरणाच्या दृष्टीने तृतीयपुरुषी असतो. निवेदक 'आम्ही' म्हणो की 'आपण' म्हणो, तो 'ते' असाच राहतो. मग या भेदाचा निर्जनतेशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो प्रवासाच्या दोन पातळ्या वेगळ्या केल्या म्हणजे दिसतो. लेखनाच्या पातळीवर श्रोता हा वाचक असतो. घटनेच्या पातळीवर मात्र प्रवासी वाटेत कोणाशी तरी बोलत असतो. पाणी कोठे मिळेल, रात्री थंडी किती पडेल, पुढची विहीर गोड की खारट, हे विचारताना समोरचा माणूस तृतीयपुरुषातून द्वितीयपुरुषात येतो. आणि 'उद्या आपण पहाटे निघू' असे वाक्य ज्या क्षणी त्याच्याशी बोलले जाते, त्या क्षणी तो निवेदकाच्या अनेकवचनात शिरतो. यावरून पुढील विधान करता येईल: ज्या भूमीत निवेदकाला 'आपण' म्हणावे असे कोणी भेटत नाही, ती भूमी त्याच्या लेखी निर्जन होते. तेथे माणसे असतात, पण ती दृश्याचा भाग असतात, संभाषणाचा नव्हे.

समूहप्रवासाचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. एकटा प्रवासी गरजेने का होईना, परक्याशी बोलतो. समूह मात्र आपला श्रोता बरोबर घेऊन निघतो. त्याचे 'आपण' निघण्यापूर्वीच भरलेले असते. त्याला वाटेत कोणाची गरज उरत नाही आणि म्हणून वाटेत कोणी असल्याचे त्याला जाणवत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन अरी यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात पर्यटकाच्या पाहण्याचे दोन प्रकार सांगितले. एक एकांत मागणारा, रोमँटिक. दुसरा इतरांची सोबत मागणारा, सामूहिक. वाळवंटातील आयोजित समूहप्रवास या वर्गीकरणाला अडचणीत आणतो. तेथे तीस माणसे एकत्र जाऊन एकांत पाहतात. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या व्हायच्या तर समूहाबाहेरच्या माणसाला दृष्टीआड करण्यावाचून गत्यंतर नसते.

३

हे विधान काही संहितांवर तपासून पाहू.

अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेच्या वतीने रॉय चॅपमन अँड्र्यूज यांनी १९२२ ते १९३० या काळात गोबीत मोहिमा नेल्या. बायनझाग येथील तांबड्या कड्यांत १९२३ साली सापडलेल्या डायनोसॉरच्या अंड्यांमुळे त्या जगभर गाजल्या. मोहिमांचा वृत्तान्त १९३२ साली ज्या ग्रंथात आला, त्याच्या शीर्षकात मध्य आशियाचा 'नवा विजय' असे शब्द आहेत. मोटारींतून वाळवंट पार करणे हा या कथनाचा नायकभाव आहे. पण मोटारींना पेट्रोल लागते, आणि ते आधीच उंटांच्या तांड्यावर लादून पुढे पाठविलेले असे. हा तांडा मेरिन नावाच्या मंगोल प्रमुखाच्या हाती होता. तो महिनोन्महिने आधी निघे आणि ठरल्या ठिकाणी मोटारींची वाट पाहत असे. याचा अर्थ असा की, जे अज्ञात म्हणून 'जिंकले' जात होते, त्या प्रदेशात कोणीतरी आधीच पोहोचून तळ टाकून बसलेले होते. एरवी जिंकणाऱ्यांची मोटार पुढे सरकलीच नसती. अँड्र्यूज मेरिनविषयी आदराने लिहितात, हे नोंदविले पाहिजे. तरी त्याचे आधीचे पोहोचणे हे 'पोहोचणे' म्हणून मोजले जात नाही. मेरिन मोहिमेच्या सेवेत आहे, मोहिमेच्या अनेकवचनात नाही.

मेरी लुइझ प्रॅट यांनी १९९२ च्या 'इंपीरियल आइज' या ग्रंथात वसाहतकालीन प्रवासवर्णनांत उंचावरून प्रदेश न्याहाळणारा स्वामित्वदर्शी निवेदक कसा घडतो, हे दाखविले आहे. त्यांचे विवेचन मार्मिक आहे. परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः डोळ्यांवर आहे. अँड्र्यूजच्या बाबतीत दृष्टीइतकाच संबोधनाचा अभाव निर्णायक ठरतो. त्यांनी मेरिनला पाहिले नाही असे नाही. त्यांनी त्याला पाहिले, त्याची वाखाणणी केली. फक्त त्याच्यासह 'आपण' असा विचार केला नाही.

ओवेन लॅटिमोर यांचे 'द डेझर्ट रोड टू तुर्कस्तान' (१९२८) हे पुस्तक याच्या शेजारी ठेवून वाचावे. लॅटिमोर हे चीनमध्ये लोकरीचा व्यवहार करणाऱ्या एका परदेशी व्यापारी पेढीत नोकरीला होते. १९२६-२७ साली ते ग्वेइह्वा, म्हणजे आजचे होहोत, येथून उंटांच्या तांड्याबरोबर शिनच्यांगमधील गूचेंगकडे निघाले. त्यांना चिनी बोलता येत होते. त्यांचे पुस्तक निसर्गवर्णनासाठी वाचू गेल्यास वाचकाची काहीशी निराशा होईल. त्यात अधिक जागा व्यापली आहे ती तांड्याच्या कायद्याने: अठरापर्यंत उंटांची एक रांग एका माणसाच्या हाती कशी असते, तंबूत कोणी कोठे बसावे, कोणता शब्द उच्चारल्यास अपशकुन होतो, विहिरीवर आधी हक्क कोणाचा. हा कायदा त्यांना ठाऊक असण्याची गरज होती, कारण मोडल्यास त्याचे परिणाम त्यांनाही भोगावे लागणार होते. आणि म्हणूनच लॅटिमोरचे वाळवंट कोठेही रिकामे भासत नाही. त्यात प्रत्येक मुक्काम कोणाचा तरी आहे, प्रत्येक पाणवठ्याला पूर्वइतिहास आहे. एका समूहात ते सामील झाले, पण तो समूह त्यांनी बरोबर आणलेला नव्हता. तांडा त्यांच्या आधी होता आणि नंतरही चालत राहणार होता. समूहप्रवासाची ही दुसरी शक्यता आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्याही हे पुस्तक अँड्र्यूजच्या वृत्तान्तापेक्षा श्रेष्ठ ठरते ते याच कारणाने. त्यातील तपशील प्रेक्षणीय नाहीत, आवश्यक आहेत.

तिसरे उदाहरण दोन पुस्तकांचे आहे. १९३५ साली पीटर फ्लेमिंग आणि एला मायार यांनी पेकिंगहून काश्मीरपर्यंतचा प्रवास बरोबरीने केला. त्याआधी दोघांचीही एकटेपणा मिरविणाऱ्या शीर्षकांची पुस्तके इंग्रजीत प्रसिद्ध झालेली होती. फ्लेमिंगचे 'वन्स कंपनी' आणि मायारचे 'तुर्कस्तान सोलो', दोन्ही १९३४ ची. हे दोन एकटे एकत्र आले आणि एकाच वाटेची दोन पुस्तके झाली: फ्लेमिंगचे १९३६ साली, मायारचे १९३७ साली. फ्लेमिंगला घरी पोहोचण्याची घाई होती. मायारला रेंगाळायचे होते, आणि हा मतभेद दोघांनीही लपविलेला नाही. त्साइदामच्या वाटेवर दोघे झुनच्या राजाच्या तांड्याबरोबर चालले. तोच तांडा, तीच दलदल, तेच दिवस. तरी घाईत असलेल्या निवेदकाच्या पुस्तकात वाट लांबते आणि माणसे विनोदाची सामग्री होतात, तर रेंगाळणाऱ्या निवेदिकेच्या पुस्तकात तंबूंची आतली बाजू दिसते. फ्लेमिंगचा विनोद स्वतःवरही उलटतो, हे त्याचे मोठेपण मानले पाहिजे. तथापि स्वतःची थट्टा करणारा 'आम्ही' हाही बंद असलेला 'आम्ही'च असतो. थट्टेचा श्रोता लंडनमध्ये बसलेला असतो.

मिल्ड्रेड केबल आणि ईव्हा व फ्रान्सेस्का फ्रेंच या तीन मिशनरी स्त्रियांचे उदाहरण गुंतागुंतीचे आहे. त्यांनी गोबीची वाट एकदा नव्हे, अनेकदा तुडविली. केबल यांनी फ्रान्सेस्का फ्रेंच यांच्यासह लिहिलेले 'द गोबी डेझर्ट' १९४२ साली आले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता. म्हणजे समोरच्याला आपल्या अनेकवचनात ओढण्याचीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पुस्तकात धर्मशाळा, गाडीवान, भिकारी, पळून आलेल्या स्त्रिया यांची दाटी आहे. वाळवंट निर्जन नाही, हे त्यांनी जितके दाखविले तितके फार थोड्यांनी दाखविले. पण त्या ज्या 'आपण'कडे माणसांना बोलावीत होत्या, त्याच्या अटी त्यांनीच ठरविलेल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुढे तिची गरज पडणार आहे.

४

वाळवंटाकडून गवताळ प्रदेशाकडे येताना 'निर्जन' या विशेषणाचा परिणाम बदलतो. वाळवंट रिकामे म्हटल्याने फार तर एखादी मोहीम निघते. कुरण रिकामे म्हटल्याने जमिनीची मालकी बदलते.

पशुपालकाच्या दृष्टीने रिकामे दिसणारे कुरण बहुधा राखून ठेवलेले असते. हिवाळी तळ उन्हाळ्यात मोकळा सोडावा लागतो, तरच हिवाळ्यात तेथे गवत असते. दुष्काळात किंवा हिमवर्षावात कळप दूरच्या कुरणावर नेण्याच्या रीतीला मंगोल भाषेत 'ओतोर' म्हणतात. ती चालायची तर कोठेतरी मोकळी जागा शिल्लक असावी लागते. म्हणजे माणसाची अनुपस्थिती हा येथे वापराचाच एक प्रकार आहे. जुलैमध्ये आलेल्या प्रवाशाला हिवाळी तळ निर्जन दिसला, तर त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत. त्याला ऋतूचे व्याकरण ठाऊक नाही, इतकेच. आपल्याकडच्या वाचकाला हे समजणे कठीण नाही. पावसाळ्यानंतर घाटावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पडीक आणि मोकळे यांतील अंतर ठाऊक आहे. या फिरत्या कुटुंबसमूहाला धनगर 'वाडा' म्हणतात. स्थिर, चिरेबंदी घराचा शब्द चालत्या तळाला लागतो. 'ओर्दोस' या नावातही नेमके हेच आहे. 'ओर्दो' म्हणजे राजाचा तंबू, राजवाडा आणि छावणी. 'ओर्दोस' हे त्याचे अनेकवचन. याच तुर्की-मंगोल शब्दकुळातून छावणीची भाषा म्हणून 'उर्दू' हे नाव आपल्याकडे आले. ज्या प्रदेशाच्या नावातच राजवाड्यांचे अनेकवचन आहे, त्याला निर्जन म्हणणे हा भाषेच्या पातळीवरही विसंवाद आहे.

हा विसंवाद केवळ परकीय प्रवाशांचा नव्हता. १९०२ साली छिंग राजवटीने अंतर्गत मंगोलियातील कुरणे शेतीसाठी खुली करण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यासाठी यिगू या अधिकाऱ्याची नेमणूक केली. धोरणाची भाषा 'पडीक जमीन लागवडीखाली आणणे' अशी होती. वोमन आणि झान्मन हा भेद असलेल्या भाषेतच ही आज्ञा निघाली, हे विसरता कामा नये. सर्वनामे दोन असली म्हणून न्यायबुद्धी आपोआप येत नाही. ओर्दोसच्या मंगोलांचा या धोरणाला जो विरोध झाला, त्याचे रूप आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्या चळवळींना 'दुगुयलान', म्हणजे वर्तुळ, असे नाव आहे. तक्रारअर्जावर सह्या करणारे आपली नावे गोलाकार लिहीत, म्हणजे पुढारी कोण हे सत्तेला ओळखता येऊ नये. ज्या भूमीवर कोणी नाही असे कागद सांगत होते, तिने कागदावरच एक अनेकवचन उभे केले, आणि तेही असे की ज्यातून कोणा एकाला 'मी' म्हणून वेगळे काढता येणार नाही. रिकाम्या कुरणाच्या वर्णनाला दिले गेलेले याहून समर्पक उत्तर प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

एकविसाव्या शतकात याच प्रश्नाने दिशा बदलली. कुटुंबवार वाटप आणि कुंपणे यांमुळे फिरण्यावर आधीच मर्यादा आल्या होत्या. २००३ पासून चराई थांबवून कुरणे पूर्ववत करण्याचा कार्यक्रम चीनमध्ये राबविला गेला, आणि अनेक पशुपालक गावांकडे, शहरांकडे हलले. प्रथम जमीन रिकामी म्हणून नांगरली गेली. पुढे ती झिजली म्हणून रिकामी करण्यात आली. याच जमिनीवर आजच्या सहलींसाठी गोल तंबूंचे मुक्काम उभे आहेत, आणि त्यांत उतरणारा समूह गवताळ प्रदेशाच्या विशाल शांततेची स्तुती करतो. ही शांतता निसर्गदत्त आहे की धोरणातून आली आहे, हे विचारायला त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते.

५

कांगबाशीविषयी लिहिताना इंग्रजी पत्रकारितेने 'भुतांचे शहर' हा शब्दप्रयोग रूढ केला. ओर्दोसच्या कोळशाच्या पैशावर हे शहर २००४ च्या सुमारास उभे राहू लागले. २००६ साली नगरशासन तेथे आले. दहा लाख वस्तीच्या गोष्टी बोलल्या जात होत्या. २००९ साली अल जझीराच्या वार्तापत्राने आणि २०१० साली 'टाइम' साप्ताहिकातील छायाचित्रांनी रुंद, ओकेबोके रस्ते जगापुढे आणले. त्यानंतर हे शहर पाहण्यासाठी, म्हणजे तेथे कोणी नाही हे पाहण्यासाठी, माणसे येऊ लागली.

मराठीत हा शब्दप्रयोग तसाच आणता येत नाही, आणि ही अडचण उद्बोधक आहे. मराठीत गाव 'ओस पडते'. ओस पडण्यासाठी ते आधी नांदते असावे लागते. भुताटकीही तेथेच होते जेथे कोणीतरी जगून मेलेले असते. कांगबाशी नांदून उजाड झालेले नव्हते. ते अजून नांदायचे होते. 'ओसाड' हा भूतकाळाचा शब्द आहे. अजून बिऱ्हाड न आलेल्या नव्या घराला आपण ओसाड म्हणत नाही, 'रिकामे' म्हणतो, आणि त्यात वाट पाहणे असते. इंग्रजी शब्दप्रयोगाने या शहराच्या भविष्याला भूतकाळाचे कपडे घातले. वेड शेपर्ड यांनी २०१५ च्या 'घोस्ट सिटीज ऑफ चायना' या पुस्तकात, अपुऱ्या बांधकामावर मृत्यूचा दाखला देण्याची ही घाई दाखवून दिली आहे. २०२० च्या जनगणनेपर्यंत कांगबाशीची वस्ती एक लाखाच्या पुढे गेली होती. योजलेल्या दहा लाखांच्या मानाने ती थोडी आहे आणि योजनेतील अतिरेक, कर्जे, सट्टेबाजी हे प्रश्न खरेच आहेत. पण लाखभर माणसांच्या गावाला निर्जन म्हणणे कोणत्याही शब्दकोशात बसत नाही. त्या प्रसिद्ध छायाचित्रांच्या काळातही रस्ते झाडणारे होतेच. त्यांच्याकडे पाहून कोणी 'शहर' म्हटले नाही, इतकेच.

या शहराच्या इतिहासात एक समूहप्रवास असा आहे की ज्यात आपल्या विषयाचे सारे धागे एकत्र येतात. २००८ साली 'ओर्दोस १००' या प्रकल्पासाठी सत्तावीस देशांतील शंभर वास्तुशिल्पी निवडण्यात आले. निवड हेर्त्सोग आणि द म्यूराँ या स्विस वास्तुशिल्पींनी केली. आराखडा कलावंत आइ वेइवेइ यांचा होता. प्रत्येकाने वाळूच्या उतारावर हजार चौरस मीटरचा एक बंगला शंभर दिवसांत रचायचा होता. हे वास्तुशिल्पी समूहाने ओर्दोसला आले, जागा पाहून गेले, पुन्हा आले. त्या भेटींचा माहितीपट आइ वेइवेइ यांनी पुढे २०१२ साली प्रसिद्ध केला. प्रकल्प मात्र पूर्ण झाला नाही. शंभर जणांचा हा समूह कोऱ्या जमिनीवर आलो आहोत अशा समजुतीने आला होता, आणि घराच्या रचनेचा सर्वाधिक विचार करणारी ही मंडळी कोणासाठी घर रचीत होती हे त्यांतील बहुतेकांना समोरासमोर कळण्याचा मार्ग नव्हता. संबोधनाचा अभाव वास्तूतही उतरतो, याचे हे उदाहरण. राहणाऱ्याशी कधी 'आपण' म्हणून न बोलता रचलेले घर रिकामे राहिले, तर त्याचा दोष वाळवंटाकडे जात नाही.

६

येथवरच्या विवेचनावरून 'आम्ही' वाईट आणि 'आपण' चांगले, असा सोपा निष्कर्ष निघेल. तो टाळला पाहिजे. मिशनरी स्त्रियांच्या संदर्भात जे म्हटले ते येथे आठवावे. 'आपण'मध्ये बोलावणाराच अटी ठरवीत असेल, तर सामावून घेणे हेही गिळून टाकणे ठरते.

ओर्दोसमध्ये एजेन होरो येथे चंगीझखानाचे स्मृतिस्थान आहे. तेथील पूजावस्तूंची राखण दारखाद नावाच्या मंगोल कुळांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९३९ साली जपानी आक्रमणाच्या भीतीने या वस्तू पश्चिमेकडे हलविण्यात आल्या, १९५४ साली परत आणल्या गेल्या, आणि १९५६ पर्यंत आजची तीन घुमटांची इमारत उभी राहिली. एके काळी तंबूत असलेले, हलते असलेले श्रद्धास्थान स्थिर झाले. आज सहलीचा समूह तेथे जातो तेव्हा चंगीझखान हा समग्र चिनी राष्ट्राचा थोर पुरुष म्हणून त्याच्यासमोर ठेवला जातो. कांगबाशीच्या मुख्य चौकालाही त्याचेच नाव आहे. हा राज्यसंस्थेचा 'आपण' आहे: सर्वसमावेशक, उदार दिसणारा, आणि दारखादांना त्यांचा 'आम्ही' उच्चारण्यास जागा न ठेवणारा. २०२० साली अंतर्गत मंगोलियातील शाळांत काही विषयांचे मंगोल माध्यम काढून घेण्यात आले, तेव्हा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जो विरोध केला, तो या समावेशाला होता. वगळले जाण्याचा हक्क, म्हणजेच आपला 'आम्ही' राखण्याचा हक्क, हाही हक्कच आहे. आजच्या मंगोल बोलीत कर्त्याच्या रूपात जुना भेद उरला नसला, तरी 'मानाइ' हा 'आमच्या घरचे' सांगणारा शब्द त्या वगळणाऱ्या सर्वनामाच्या अंगापासूनच आलेला आहे. घर सांगायला 'आम्ही' लागतोच.

तेव्हा समूहप्रवासाच्या वर्णनाचे परीक्षण करताना समीक्षकाने दोन प्रश्न जोडीने विचारले पाहिजेत. या निवेदकाच्या 'आपण'मध्ये वाटेवरचा एखादा तरी माणूस कधी येतो का? आणि त्या माणसाचा 'आम्ही' निवेदकाला कधी ऐकू येतो का, ज्यात निवेदकाला जागा नाही? लॅटिमोरच्या पुस्तकाची थोरवी अशी की त्यात दोन्हींची उत्तरे मिळतात: तांड्याने त्यांना बरोबर घेतले, आणि तांड्याचे जे होते ते पूर्णपणे त्यांचे कधी झाले नाही, हेही त्यांनी नोंदविले.

मराठी वाचक आणि लेखक आता मोठ्या संख्येने अशा प्रदेशांत समूहाने जातात. तेथून परतल्यावर लिहिलेल्या मजकुरात 'दूरवर नजर जाईल तिथे कोणीच नव्हते' या अर्थाची वाक्ये सर्रास आढळतात. इंग्रजीच्या सावलीत वाढलेल्या आपल्या प्रवासवर्णनाने हे वाक्य तयार घेतले आहे. इंग्रजी लेखकाला निदान व्याकरणाचा आडोसा आहे; मराठी लेखकाला तोही नाही. त्याला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते की, कोण आत आहे आणि कोण बाहेर. 'आपण' हा शब्द मराठीत समोरच्याला आदराने संबोधण्यासाठीही वापरला जातो, ही गोष्ट केवळ योगायोगाची समजून सोडून देण्यासारखी नाही. ज्याला आदरार्थी हाक मारता येते, त्याच्या भूमीला निर्जन म्हणणे पुढच्या वाक्यात जड जाते. प्रवासवर्णनाच्या मराठी समीक्षेने लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाइतकेच लक्ष या जडपणाकडे दिले, तर 'कोणीच नव्हते' या वाक्यापाशी वाचक थांबेल आणि विचारील: मोटार चालवीत कोण होते?